जोखड नाकारले, व्रत स्वीकारले

पुण्याहून रेल्वेने दौंडकडे निघाले की दौंडच्या अलीकडे केडगाव लागते. लांब पल्ल्याच्या गाडीने जाणाऱ्या प्रवाशाला हे स्थानक कधी मागे पडले ते कळतही नाही. याच केडगावात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, साठीकडे झुकलेली आणि कानांनी अधू झालेली एक स्त्री हिब्रू व ग्रीक भाषांचे कोश समोर ठेवून बायबलचे मराठी भाषांतर करीत बसलेली असे. आवारातल्या छापखान्यात मुली खिळे जुळवीत असत. एकीकडे माग चालत, दुसरीकडे शेतात विहिरीचे पाणी पाटाने वाहत असे. यातल्या कित्येक मुलींना दुष्काळाने आईबापांवेगळे केले होते, काहींना वैधव्याने घराबाहेर काढले होते.

ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. आपल्याकडे त्यांचे नाव दोन टोकांनी घेतले जाते. कुणाला त्या स्त्रीमुक्तीच्या आद्य प्रवर्तक म्हणून वंदनीय वाटतात, तर कुणाच्या मनातून त्यांचे धर्मांतर अजून जात नाही. या दोन टोकांच्या मध्ये मात्र एक प्रश्न राहून जातो, आणि तो कोणत्याही धर्माच्या घरात विचारण्याजोगा आहे. माणूस आपला देव, आपले काम, आपले आयुष्य खरोखर स्वतः निवडू शकतो का? निवडले, तर त्याची किंमत काय? आणि आपल्याला जे स्वातंत्र्य हवे असते, ते दुसऱ्याला देण्याची आपली तयारी असते का?

ख्रिस्ती धर्मविचारात इच्छास्वातंत्र्याला मोठे स्थान आहे. देवाने माणसाला घडवले ते होकार आणि नकार दोन्ही देण्याची मोकळीक देऊन, अशी ही श्रद्धा आहे. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तातला बाप मुलाला अडवून धरीत नाही. वाटणी मागितली, ती देतो. निघाला, त्याला जाऊ देतो. आणि परतीच्या वाटेकडे डोळे लावून बसतो. जबरीने मिळवलेली भक्ती देवाला नको, असे त्या कथेचे मर्म सांगता येईल. रमाबाईंनी हे मर्म पुस्तकातून शिकण्याआधीच आयुष्यात गिरवायला घेतले होते.

नऊ वर्षांची नवरी आणि तिची लेक

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कोकणस्थ ब्राह्मण, संस्कृतचे गाढे विद्वान. पुण्यात शिकत असताना पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत शिकवले जाते हे त्यांनी पाहिले आणि आपल्या बायकोनेही शिकावे हा ध्यास घेतला. त्यांचा दुसरा विवाह ज्या रीतीने झाला, ती आज वाचताना अंगावर काटा येतो. गोदावरीकाठी स्नानाला आलेल्या या प्रौढ विधुराला एका यात्रेकरू ब्राह्मणाने पाहिले, कुळगोत्र विचारले आणि आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना देऊन टाकली. लक्ष्मीबाईंना कुणी काही विचारले नाही, तशी त्या काळी रीतही नव्हती.

अनंतशास्त्र्यांनी मात्र या लहानग्या पत्नीला संस्कृत शिकवले. समाजाचा रोष झाला. उडुपीला पंडितांच्या सभेत त्यांना आपल्या वर्तनाचे शास्त्राधाराने समर्थन करावे लागले. पुढे गावाचा जाच नको म्हणून ते सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले. तेथेच 23 एप्रिल 1858 रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पुढे कर्ज झाले, घरदार गेले आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. गावोगावच्या देवळांत पुराण सांगावे आणि मिळेल त्या दक्षिणेवर राहावे, असा क्रम सुरू झाला. पहाटे घरातली कामे सुरू होण्याआधी आई लेकीला उठवून संस्कृतचा पाठ देई. भागवताचे हजारो श्लोक छोट्या रमाला असेच मुखोद्गत झाले.

मोठ्या मुलीचे लग्न लहानपणी करून दिल्याचा पश्चात्ताप अनंतशास्त्र्यांना झाला होता. म्हणून धाकटीचे लग्न त्यांनी लांबणीवर टाकले. त्या काळच्या ब्राह्मण घरात ही गोष्ट सोपी नव्हती. रमाबाईंच्या आयुष्यात पुढे जी मोकळी जागा निर्माण झाली, तिचा पाया या धर्मनिष्ठ हिंदू पित्याने घातला होता, हे विसरून चालणार नाही.

खांद्याऐवजी डोक्यावर

1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळाने कहर मांडला. साठवलेले पैसे दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपले होते. मोलमजुरी करण्याची सवय नव्हती, भीक मागण्याची लाज होती. आधी वडील गेले, मग आई आणि काही महिन्यांतच बहीण. आईच्या प्रेताला खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तेव्हा भाऊ श्रीनिवास आणि रमा यांनी त्यांच्यासह तिरडी उचलली. रमाची उंची कमी, त्यामुळे आपल्या वाट्याचा भार तिने खांद्याऐवजी डोक्यावर घेतला. स्मशान चांगले तीन मैलांवर होते.

हे एक दृश्य रमाबाईंच्या साऱ्या चरित्राच्या तळाशी आहे. पुढे 1896 मध्ये मध्य प्रांतातील दुष्काळाची वार्ता आली, तेव्हा त्या पुण्यात स्वस्थ बसू शकल्या नाहीत, याचे कारण या तीन मैलांत सापडते.

भावंडे पायी हिंडत राहिली. उत्तरेपर्यंत, काश्मीरपर्यंत भटकून 1878 मध्ये ती कलकत्त्याला पोचली. विशीतली ही अविवाहित मराठी मुलगी अस्खलित संस्कृतात बोलते, हे पाहून तिथले पंडित थक्क झाले. पंडिता आणि सरस्वती या पदव्या तिला याच नगरीने दिल्या. केशवचंद्र सेनांनी वेद वाचायला प्रोत्साहन दिले. आतापर्यंत पुराणे सांगून पोट भरणाऱ्या रमाबाई आता धर्मग्रंथांकडे श्रोत्याच्या नव्हे तर परीक्षकाच्या नजरेने पाहू लागल्या. स्त्रिया आणि शूद्र यांच्या मोक्षाविषयी ग्रंथ काय सांगतात, हे वाचताना त्यांच्या मनात जे प्रश्न उभे राहिले, ते पुन्हा कधी खाली बसले नाहीत.

1880 मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर शूद्र मानल्या गेलेल्या जातीतला, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. आईचे लग्न नदीकाठच्या ओळखीवर उरकले गेले होते, लेकीने आपला जोडीदार स्वतः ठरवला. एका पिढीत एवढे अंतर पडले. पण संसार जेमतेम दीड वर्षाचा ठरला. 1882 च्या फेब्रुवारीत पतीचे पटकीने निधन झाले. पदरी वर्षाचीही न झालेली मनोरमा होती. चोविशीही न गाठलेली ही विधवा आता जगात एकटी होती.

पुणे, वाँटेज आणि एक वादळ

त्या महाराष्ट्रात आल्या. पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सुधारक मंडळींनी त्यांचे स्वागत केले. 1882 मध्येच आर्य महिला समाजाची स्थापना झाली, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक निघाले. हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर तयार करा, असे त्यांनी आग्रहाने मांडले. स्वतः डॉक्टर व्हायचे म्हणून पुस्तकाच्या विक्रीतून वाटखर्च उभा करून 1883 मध्ये त्या लेकीला घेऊन इंग्लंडला निघाल्या. निघताना धर्मांतर करणार नाही, असे त्यांनी स्नेह्यांना सांगितले होते.

तिथे वाँटेज या गावी अँग्लिकन पंथाच्या भगिनींच्या मठात त्या राहिल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तिथे दुर्दैवी अंत झाला, तो धक्का मोठा होता. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकीचा मार्गही बंद झाला. याच काळात लंडनच्या फुलहॅम भागात भगिनींनी चालवलेले एक आश्रयस्थान त्यांनी पाहिले. समाजाने पतित ठरवलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळले जात होते. ही माया येते कुठून, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा त्यांना वाचायला मिळाली. विहिरीवर आलेल्या, लोकांनी टाकलेल्या एका बाईशी येशू सन्मानाने बोलतो. रमाबाईंच्या मनाने तिथे ठाव घेतला. धर्मशास्त्राच्या शंकांना उत्तरे देण्याचे काम रेव्हरंड नेहेम्या गोरे यांच्या पत्रांनी केले. हे गोरेही मूळचे कोकणस्थ ब्राह्मण पंडित. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात गहजब झाला. ज्यांनी डोक्यावर घेतले होते, त्यांनी तोंड फिरवले. ही झाली स्वातंत्र्याची पहिली किंमत. दुसरी किंमत मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, कारण ती इंग्लंडात, नव्या धर्मबंधूंच्या घरात मोजावी लागली.

मठातील सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता होत्या. त्यांचे प्रेम खरे होते, पण त्यात धाक होता. नव्याने आलेल्या मुलीने चर्चची शिकवण जशीच्या तशी मान्य करावी, अशी त्यांची अपेक्षा. रमाबाईंचा पिंड शास्त्रार्थात वाढलेला! त्रैक्याचा सिद्धान्त, येशूचे देवत्व, चर्चच्या अधिकाराची व्याप्ती, प्रत्येक गोष्टीवर त्यांनी प्रश्न विचारले. पटेल तेवढेच मानीन, कळेल तेव्हा मानीन, हा त्यांचा बाणा. त्यांचा शाकाहारही काहींना खुपला. ख्रिस्ती होणे म्हणजे आपले अन्न आणि आपल्या देशाच्या चालीरीती टाकणे, हे समीकरण त्यांनी मान्य केले नाही. मनोरमेला कोणती धर्मशिकवण द्यायची, हाही वादाचा विषय झाला. आई मी आहे, निर्णयही माझा, यावर त्या ठाम राहिल्या.

चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत. पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे, अशी एक सूचना पुढे आली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. यामुळे स्वदेशातील त्यांची प्रतिष्ठा जाईल, असे कारण देण्यात आले. ज्या बाईने भारतभर पुरुषांनी भरलेल्या सभांत व्याख्याने दिली, तिला तिच्याच देशाची रीत परक्यांनी शिकवावी, याचा रमाबाईंना संताप आला. त्यांनी सिस्टर जेराल्डिनना लिहिलेल्या पत्रांचा आशय असा की, मोठ्या कष्टाने एका पुरोहितशाहीचे जोखड मानेवरून उतरवले आहे, ते दुसऱ्या पुरोहितशाहीचे घेण्यासाठी नव्हे. देवाची आज्ञा आणि सदसद्विवेकबुद्धीचा आवाज यांच्यापुढे मान लवेल, माणसाच्या हुकुमापुढे लवणार नाही.

परक्या देशात, परक्यांच्या अन्नावर, कडेवर मूल असताना हे लिहायला काय लागले असेल, याची कल्पना करावी. मायदेशातल्या मित्रांनी दार लावलेले, आणि ज्यांनी आसरा दिला त्यांनाच ही बाई ठणकावते आहे. आपण सोयीसाठी धर्म बदलला, हा आरोप रमाबाईंवर पुष्कळदा झाला. सोय पाहायची असती, तर वाँटेजमध्ये मान डोलावणे एवढे पुरे होते.

शारदा सदनाचे उघडे दार

1886 मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला, फिलाडेल्फियाला गेल्या. काही आठवड्यांसाठी म्हणून गेलेल्या त्या जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. शाळा पाहिल्या, बालवाडीची पद्धत शिकल्या, गावोगाव व्याख्याने दिली. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक 1887 मध्ये निघाले आणि हजारोंनी खपले. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत देण्याचे आश्वासन मिळाले, आणि शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे ठरले.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. 1893 मध्ये तिचा विवाह प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला आणि ती आनंदीबाई कर्वे म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झाली. हिंगण्याच्या कार्यामागची एक प्रेरणा अशी शारदा सदनातून निघालेली आहे. सदनात मुलींना आपापले सोवळेओवळे, व्रतवैकल्ये पाळण्याची मोकळीक होती. तुळशीला पाणी घालणाऱ्या मुलींना कुणी अडवीत नसे.

मग ठिणगी पडली कुठे? रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन तिथे जाऊन बसू लागल्या. पुण्यात ओरड झाली. 'केसरी'ने कडक टीका केली. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांची बाजूही समजून घेण्याजोगी आहे. पालकांनी मुली पाठवल्या होत्या त्या शाळेच्या तटस्थतेवर विश्वास ठेवून. बाईंवर जीव जडलेल्या अल्पवयीन मुलींना त्यांच्या प्रार्थनेची ओढ लागणे हाही एक प्रभावच झाला, असे त्यांना वाटले. 1893 मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले, वीसपंचवीस मुली घरी नेण्यात आल्या.

रमाबाईंनी दार लावले नाही. मुलींना बोलावणार नाही, आल्या तर हाकलणार नाही, ही त्यांची भूमिका. हिंदू मुलीला पूजेची मोकळीक असेल, तर ख्रिस्ती बाईला आपल्याच घरात दार उघडे ठेवून प्रार्थना करण्याची का नसावी, असा त्यांचा सवाल होता. तर्क बिनतोड होता, पण बाजू एकच खरी होती असे आज म्हणता येत नाही. दोन्हीकडे प्रामाणिक माणसे होती, आणि तंटा एका उघड्या दाराचा होता.

भुकेल्याची निवड

याच सुमारास रमाबाईंच्या श्रद्धेतही बदल झाला. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, पण ख्रिस्ताला स्वतःला अजून जाणलेले नाही, असे त्यांना 1891 च्या सुमारास प्रकर्षाने वाटू लागले. बुद्धीने पटवून घेतलेला धर्म आणि जीव ओवाळून टाकलेली भक्ती यांतले हे अंतर. आपल्याकडील संतांच्या वाचकाला ते वेगळे समजावून सांगायला नको. पूर्वीच्या शंकांपैकी काही मिटल्या, त्या कुणाच्या दडपणाने नव्हे. एका पंथाच्या चौकटीत मात्र त्या कधीच बसल्या नाहीत.

1896 च्या अखेरीस मध्य प्रांतातील दुष्काळात जाऊन त्यांनी मुली गोळा करायला सुरुवात केली. काही महिन्यांत तीनशेच्या आसपास मुली आल्या. इकडे पुण्यात प्लेग आला, निर्बंध आले. केडगावला त्यांनी शेतीसाठी जमीन घेऊन ठेवली होती, तिथे आधी तंबू आणि मग इमारती उभ्या राहिल्या. मुक्ती सदन हे नाव पडले. सरकारी प्लेग इस्पितळातील गलथानपणावर त्यांनी वर्तमानपत्रातून उघड टीका केली. राज्यकर्त्यांचा धर्म घेतला म्हणून त्यांच्यापुढे जीभ आवरावी, असे त्यांना वाटले नाही. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीतील संख्या दीड हजारावर गेली. पतित मानलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले, अंधांसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू झाले. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, गाईगुरे, छापखाना अशी कामे मुली शिकल्या.

आणि शेकडो मुलींनी बाप्तिस्मा घेतला. इथे आपल्याला थांबून एक अवघड प्रश्न विचारायला हवा. उपाशी, अनाथ, दहाबारा वर्षांची मुलगी जिच्या हातून भाकरी मिळते तिचाच धर्म घेते, तेव्हा तिची निवड कितपत मोकळी असते? मुक्तीत पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस ख्रिस्ती प्रार्थनेने बांधलेला होता. 1905 मध्ये तिथे मोठी धर्मजागृती झाली, तेव्हाचे भारलेले वातावरण सहज दूर ठेवता येण्यासारखे नव्हते. सिस्टर जेराल्डिनना प्रश्न विचारणाऱ्या रमाबाईंच्या आश्रमात, रमाबाईंना तसेच प्रश्न विचारणे एखाद्या मुलीला किती सोपे गेले असेल?

या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. रमाबाईंच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, पोट भरल्याशिवाय आणि अक्षर कळल्याशिवाय निवड हा शब्दच पोकळ आहे, हे त्यांनी ओळखले होते. दुष्काळात मरणाऱ्या मुलीपुढे दोन धर्म नसतात, एकच मरण असते. त्यांनी मुलीला आधी जगवले, मग वाचायला शिकवले, मग हाताला धंदा दिला. जिला वाचता येते आणि चार पैसे मिळवता येतात, ती उद्या आपल्या गुरूलाही नकार देऊ शकते. स्वातंत्र्याची एवढी साधने ज्याने हाती दिली, त्याच्या हेतूवर शंका घेताना जपून बोलावे. तरीही प्रश्न पुसला जात नाही. तो पुसू नये, कारण तो रमाबाईंच्याच कसोटीतून आलेला आहे. श्रद्धा माणसाने स्वतः तपासून घ्यावी, हे त्यांनीच तर आपल्याला शिकवले.

सोप्या मराठीचे व्रत

आयुष्याच्या अखेरच्या दीड दशकाहून अधिक काळ रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराला वाहिला. मराठी बायबल आधी नव्हते असे नाही. पण त्याची भाषा संस्कृतप्रचुर, मुक्तीतल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या बायकांना ती कळत नसे. ज्या पंडितेला कलकत्त्याने संस्कृतसाठी डोक्यावर घेतले, तिने संस्कृत बाजूला ठेवून शेतकऱ्याच्या बायकोला समजेल असे मराठी लिहायला घेतले. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला. भाषांतर करायचे तिने, खिळे जुळवायचे मुलींनी, छापायचे आपल्याच छापखान्यात, असा हा उद्योग होता.

यात त्यांच्या साऱ्या आयुष्याचे सूत्र सापडते. मधल्या दलालाशिवाय देवाचा शब्द प्रत्येकीला आपल्या डोळ्यांनी वाचता यावा आणि तिने आपल्या मनाने ठरवावे. उडुपीच्या सभेत अनंतशास्त्री ज्या हक्कासाठी उभे राहिले होते, तोच हक्क त्यांची लेक वेगळ्या धर्मग्रंथाच्या बाबतीत, पण तितक्याच हट्टाने मिळवून देत होती.

1919 मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. 1921 मध्ये मनोरमा गेली. मुक्तीची पुढची धुरा जिच्यावर टाकायची, तीच आधी निघून गेली. गंगामूळच्या घरातून निघालेल्या सगळ्यांना पोचवून झाले होते, आता पोटची लेकही गेली. तरी भाषांतराचे काम थांबले नाही. ते हातावेगळे करून 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी डोळे मिटले. संपूर्ण बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झाले.

उद्दिष्ट ठेवून जगावे, असे आपण मुलांना सांगतो. बहुधा त्याचा अर्थ परीक्षा, नोकरी, घर एवढाच असतो. रमाबाईंना आयुष्याचे उद्दिष्ट एका सकाळी सापडले नाही. डॉक्टर व्हायला निघाल्या, कानांनी दगा दिला. तटस्थ शाळा काढली, ती मोडता मोडता वाचली. पुण्यात रुजायला पाहिले, प्लेगने माळरानावर नेले. प्रत्येक वळणावर परिस्थिती त्यांच्या हातात नव्हती, आपण काय करायचे एवढेच हातात होते, आणि तेवढे त्यांनी कुणाला दिले नाही. इच्छास्वातंत्र्य म्हणतात ते बहुधा एवढेच असते, आणि एवढे पुरतेही.

येशूच्या शिकवणीतही जोखड घेण्याची भाषा आहे, पण ते ज्याने त्याने आपल्या खुशीने मानेवर घ्यायचे आहे. आपल्या भाषेत अशा स्वखुशीच्या ओझ्याला व्रत म्हणतात. आईच्या तिरडीचा भार डोक्यावर घेणाऱ्या त्या मुलीने पुढे दीडदोन हजार जिवांचा भार घेतला. पहिला नियतीने टाकला होता. दुसरा तिने मागून घेतला.

पुढच्या वेळी सोलापूरकडे जाताना केडगाव आले, तर खिडकीतून बाहेर जरूर पाहावे. गाडी थांबली नाही तरी चालेल.